पाणी ओसरल्यावरचा ताप

भाद्रपद संपत आला की आमच्या पुरंदरच्या पट्ट्यातली जुनी माणसे संध्याकाळी अंगणात येऊन आभाळ न्याहाळतात. जून-जुलैचा पाऊस इकडे बेताचाच, तोही रिपरिप पडणारा. परतीच्या पावसाची जात निराळी. दिवसभर उकडते, दुपार कलली की डोंगरामागून काळे ढग उभे राहतात, विजा कडाडू लागतात आणि दोन-तीन तासांत इतके पडते की पन्हळी अपुऱ्या पडतात. एखादा दिवस पडून थांबला तर रब्बीच्या ज्वारीला तो सोन्यासारखा. पण चार दिवस रोज संध्याकाळी येत राहिला की जमिनीची तहान संपते. मग पाचव्या दिवशी पडलेला थेंब न् थेंब उतारावरून थेट ओढ्याला जातो.

याचा हिशेब अगदी सोपा आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. एका चौरस किलोमीटरच्या डोंगरउतारावर १०० मिलिमीटर पाऊस झाला तर ते पाणी होते दहा कोटी लिटर. आपल्या गावाला पाणी देणारा ओढा असे किती चौरस किलोमीटर गोळा करून आणतो, ते वाचकांनी स्वतःच मोजून पाहावे. (वर्तमानपत्रांत हल्ली प्रत्येक मोठ्या सरीला ‘ढगफुटी’ म्हणतात. हवामान खात्याच्या हिशेबात ती एका तासात १०० मिलिमीटरच्या पुढचा पाऊस झाला तरच. ओढ्याला पूर यायला मात्र ढगफुटीच व्हावी लागते असे नाही.)

असा पूर आमच्या भागाने २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पाहिला. पितृपंधरवड्याचे दिवस, बुधवार. त्या रात्री कात्रज, सिंहगड आणि पुरंदरच्या डोंगरांवर विजांसह जो पाऊस झाला, त्याने पुण्यात आंबिल ओढा रस्त्यांवर आणि सोसायट्यांत घुसला. अरण्येश्वर भागात भिंत कोसळून माणसे गेली. खेड शिवापूरला दर्ग्याजवळ झोपलेली माणसे वाहून गेली. सारी मिळून वीसहून अधिक माणसे पुणे शहरात आणि जिल्ह्यात दगावली. आणि आमची कऱ्हा, जिचे नाव आचार्य अत्र्यांनी आपल्या आत्मचरित्राला दिले, जिच्या पात्रात वर्षातले आठ महिने पोरे क्रिकेट खेळतात, ती त्या रात्री काठ सोडून बाजारपेठेत आली. नाझरे धरण भरून वाहू लागले आणि दुसऱ्या दिवशी खाली बारामतीकडे लोकांना हलवावे लागले.

माझ्या दवाखान्याच्या दुसऱ्या पायरीपर्यंत पाणी होते. सकाळी नऊच्या सुमारास ते उतरलेसुद्धा. अशा पुराची हीच रीत आहे. कृष्णा-पंचगंगेचा पूर चढायला दिवस घेतो आणि उतरायलाही दिवस घेतो, माणसाला सावरायला वेळ देतो. ओढ्याचा पूर रात्रीत येतो, सकाळी जातो आणि मागे गुडघाभर चिखल ठेवून जातो. पाणी गेले म्हणजे संकट गेले असे सगळ्यांना वाटते. मलाही वाटले होते. त्यात माझी एक चूक झाली, ती मी आज या सदरात सांगणार आहे. पण त्याआधी पुरानंतरच्या दुखण्यांचा क्रम सांगतो, कारण ती एकदम येत नाहीत, आपापल्या दिवशी येतात.

पहिल्या दिवशी येतात ते जखमी. वाहत्या पाण्याचा जोर लोकांच्या लक्षात येत नाही. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन वजन, आणि ते धावत येत असते. वीतभर उंचीचे जोराने वाहणारे पाणी उभ्या माणसाला पाडू शकते आणि दोन फूट पाणी मोटारगाडी उचलते. फरशी पुलावरून पाणी जात असताना मोटारसायकल घालणारे तरुण दरवर्षी असतात. ‘डॉक्टर, रोजचा रस्ता आहे, डोळे झाकून जाईन’ असे एकाने मला सांगितले होते. रोजचा रस्ता खालून खचलेला असू शकतो, गटाराचे झाकण उघडे असू शकते. मुंबईत २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात एक नामवंत पोटविकारतज्ज्ञ घरी चालत जाताना उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले, तेही रोजच्याच रस्त्यावर.

घरात पाणी शिरले असेल तर कोरड्या जागी उभे राहून मेन स्विच बंद करता आला तरच करावा. ओल्या भिंतीला, मीटरच्या पेटीला हात लावू नये. महावितरणला कळवावे. पाणी गेल्यावरही वायरमनने तपासल्याशिवाय फ्रीज, पंप, गिरणी चालू करू नये. साप बिळातून निघून माळ्यावर, वळचणीला, सरपणात येऊन बसतात. चावला तर दोरी आवळून बांधणे, ब्लेडने कापणे, तोंडाने विष ओढणे यांतले काहीही करू नये. रुग्णाला धीर द्यावा, चावलेला हात किंवा पाय फळीच्या आधाराने स्थिर ठेवावा आणि १०८ ची गाडी बोलावून किंवा मिळेल त्या वाहनाने ग्रामीण रुग्णालयात न्यावे. सापाच्या विषावरची लस तिथे मिळते. मांत्रिकाकडे गेलेला अर्धा तास परत मिळत नाही.

पत्रा, खिळा, काच लागली तर जखम साबणाने आणि स्वच्छ पाण्याने पाच मिनिटे धुवावी. हळद, चुना, कॉफी भरू नये. धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे. मधुमेही रुग्णांनी तर पायाला खरचटले तरी दाखवून जावे. याच रुग्णांची आणखी एक अडचण असते. पुरात औषधांची पिशवी जाते आणि चार दिवस रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या बंद पडतात. त्या वर्षी अशा एका आजींना पाचव्या दिवशी अर्धांगाचा झटका आला. घरच्यांनी धान्य वाचवले होते, भांडी वाचवली होती, गोळ्यांची आठवण कुणाला राहिली नव्हती. औषधांची चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाबरोबर ठेवावी. पुराचे पाणी लागलेल्या गोळ्या आणि इन्सुलिन वापरू नये.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून जुलाब सुरू होतात. त्या वर्षी तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडे एकाच वस्तीवरचे अकरा रुग्ण आले. सगळे एकाच विहिरीचे पाणी पिणारे. प्रत्येकाची मागणी एकच, ‘डॉक्टर, एक सलाईन लावा, ताकद येऊ द्या.’ इतकी वर्षे प्रॅक्टिस करून मी या सलाईनपुढे हात टेकले आहेत. बाटली लावली की रुग्णाला बरे वाटते, डॉक्टरला पैसे मिळतात, दोघेही खूष. पण जो रुग्ण तोंडाने पाणी पिऊ शकतो त्याला बहुतेक वेळा सलाईनची गरज नसते.

हे मी मनाचे सांगत नाही. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत पटकीची साथ आली आणि सलाईनच्या बाटल्या संपल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचे पाणी पिंपांत कालवून रुग्णांना, म्हणजे खरे तर त्यांच्या नातेवाइकांच्या हातून, पाजायला सुरुवात केली. त्या छावणीत पूर्वी शेकडा तीसच्या आसपास रुग्ण दगावत होते, ते प्रमाण चारच्या खाली आले. २०२२ साली ते वारले आणि त्यानंतर त्यांना पद्मविभूषण जाहीर झाले. त्यांचे औषध आज आरोग्य केंद्रात फुकट मिळते, तरी लोक बाटलीच मागतात.

ओ.आर.एस.ची पुडी एक लिटर पाण्याची असेल तर एक लिटरमध्येच, अख्खी एकदम कालवावी. अर्धी पुडी आज, अर्धी उद्या असे करू नये. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त झाले तर घातक. चव डोळ्यांतल्या अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. घोट घोट, सारखे द्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा द्यावे. मुलांना झिंकच्या गोळ्या चौदा दिवस द्याव्यात, जुलाब थांबले तरी. अंगावरचे दूध बंद करू नये. मूल सुस्त झाले, डोळे खोल गेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश बसते, लघवी नाही, किंवा शौचातून रक्त पडते, अशा वेळी मात्र तडक रुग्णालयात न्यावे. सलाईन आहे ते अशांसाठी.

त्या अकरा रुग्णांच्या विहिरीवर मी दुपारी स्वतः गेलो. कठड्यावर चिखलाची रेघ होती, म्हणजे पुराचे पाणी आत उतरले होते. पाणी दिसायला मात्र स्वच्छ, कारण कुणीतरी तुरटी फिरवली होती. तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. आमच्याकडे हा गैरसमज फार आहे. ग्रामपंचायतीच्या पाणीवाल्याकडे टी.सी.एल. पावडरची गोणी होती, तोंड उघडे, कधीपासूनची कोण जाणे. उघड्या गोणीतला क्लोरीन उडून जातो आणि उरतो तो चुना. ती गोणी बाजूला ठेवायला लावून तालुक्याहून नवी मागवली.

मापाबद्दल नेहमी विचारणा होते म्हणून सांगतो. गोल विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजावा, त्याला व्यासानेच गुणावे, मग पाण्याच्या खोलीने, मग ०.७८५ ने, आणि शेवटी हजाराने. येईल ते लिटर. दर हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली पावडर. चार मीटर व्यास आणि पाच मीटर पाणी असेल तर सुमारे ६३ हजार लिटर, म्हणजे साधारण १६० ग्रॅम. पुराचे पाणी शिरलेली विहीर आधी उपसावी आणि पहिल्या वेळी दुप्पट पावडर घालावी. पावडर बादलीत कालवून दहा मिनिटे ठेवावी, वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती बादली विहिरीत सोडून वर-खाली फिरवावी. खाली बसलेला चुना विहिरीत टाकू नये. तासाभराने ओ.टी. चाचणीचे थेंब टाकून पाहावे, पिवळा रंग आला तर ठीक. आणि हे करेपर्यंत घराघरांत पाणी खळखळ उकळून किंवा बाटलीवर दिलेल्या मापाने मेडिक्लोर घालून प्यावे. त्या वस्तीवरचे जुलाब चार दिवसांत थांबले. कुणी दगावले नाही.

एवढे झाल्यावर आपण गाव वाचवले अशा समाधानात मी होतो. घट बसले होते. दुकाने धुऊन-पुसून लोक सणाच्या तयारीला लागले होते.

सातव्या माळेच्या दिवशी, म्हणजे पूर येऊन नऊ-दहा दिवस झाल्यावर, बाजारपेठेतले एक भुसार व्यापारी माझ्याकडे आले. वय चाळीस-बेचाळीस, अंगाने धट्टेकट्टे. कालपासून थंडी वाजून ताप, डोके ठणकते आणि अंग इतके दुखते की जिना चढवत नाही. मी तपासले. ताप १०२. घसा ठीक, छाती ठीक. ‘शेठ, व्हायरल दिसतंय,’ मी म्हणालो. रक्त मलेरियासाठी पाठवले, ते संध्याकाळी निरोगी आले. त्यांनी अंगदुखीच्या इंजेक्शनचा आग्रह धरला, दुकान उघडायचे होते. मी दिले. डायक्लोफिनॅकचे. आणि त्याच औषधाच्या तीन दिवसांच्या गोळ्या लिहिल्या. रांगेत तिसेक रुग्ण होते.

दसऱ्याच्या सकाळी त्यांच्या पत्नीचा फोन आला. ‘डॉक्टर, ह्यांचे डोळे पिवळे झालेत आणि काल दुपारपासून लघवीच झाली नाही.’ मी तसाच उठून गेलो. शेठ पलंगावर बसून धापा टाकत होते. डोळे पिवळे तर होतेच, पण पांढऱ्या भागात लाल शिराही उतरल्या होत्या, डोळे आल्यासारख्या, मात्र चिपडे नव्हती. पोटऱ्यांना हात लावला तर ओरडले. तेव्हा कुठे मी तो प्रश्न विचारला, जो चार दिवसांपूर्वी विचारायला हवा होता.

‘शेठ, पुराच्या पाण्यात उतरला होतात का?’

‘म्हणजे काय! दोन दिवस मी आणि हमाल मिळून कुजकी पोती काढत होतो. आधी बोललोच नाही का मी?’

ते बोलले नव्हते आणि मी विचारले नव्हते. त्यांच्या दोन्ही टाचांना भेगा होत्या. धान्याचे दुकान, म्हणजे उंदीर-घुशी आल्या. अनवाणी, घोटाभर चिखलात, दोन दिवस. लेप्टोस्पायरोसिसचे याहून सरळ निदान पुस्तकातही सापडायचे नाही.

मला ते का सुचले नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. घाई होती हे खरे. पण मोठे कारण असे की लेप्टो हा कोकणातल्या भातशेतीचा, रत्नागिरी-सिंधुदुर्गचा नाही तर मुंबईचा आजार, असे माझ्या डोक्यात पक्के बसले होते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतरच्या आठवड्यांत मुंबईत लेप्टोचे रुग्ण कित्येक पटींनी वाढले, हे मी वाचलेले होते. आमच्या दुष्काळी तालुक्यात कुठला लेप्टो? पण जंतूला तालुका कळत नाही. त्याला उंदीर, पाणी आणि भेगाळलेली टाच एवढे पुरते.

हा आजार जुना आहे. जर्मनीत ॲडॉल्फ वाइल यांनी १८८६ साली त्याचे वर्णन केले, म्हणून त्याच्या कावीळ आणि मूत्रपिंड बिघडवणाऱ्या उग्र रूपाला आजही वाइल यांचे नाव आहे. जंतू सापडला १९१५ च्या सुमारास जपानमध्ये, कोळशाच्या खाणीत पाण्यात उभे राहून काम करणाऱ्या मजुरांच्या तापाचा शोध घेताना. उंदीर-घुशींच्या, तसेच गाई-म्हशी, कुत्रे, डुकरे यांच्या लघवीतून हा जंतू बाहेर पडतो. ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात तो आठवडेच्या आठवडे जगू शकतो. उन्हात वाळला की मरतो, ब्लीचिंगने मरतो. माणसाच्या अंगात तो शिरतो भेगांतून, खरचटलेल्या जागेतून, पाण्यात राहून चिखल्या झालेल्या बोटांच्या बेचक्यांतून, किंवा डोळे, नाक आणि तोंड यांवाटे. शिरल्यापासून ताप यायला दोन दिवसांपासून महिनाही लागू शकतो, पण बहुतेकांना पाच ते चौदा दिवसांत येतो. म्हणजे चिखल काढून झालेला असतो, दुकान उघडलेले असते आणि पूर विसरायला झालेला असतो, नेमका तेव्हा.

बहुतेक रुग्णांत तो साध्या तापासारखा येऊन जातो. थोड्यांत मात्र चार-पाच दिवसांनी कावीळ होते, लघवी कमी होते, फुप्फुसांत रक्तस्राव होऊन खोकल्यातून रक्त येते. कुणाचे काय होणार हे पहिल्या दिवशी सांगता येत नाही. औषध पहिल्या दिवसांत दिले तर स्वस्तातले आहे, डॉक्सीसायक्लीनच्या गोळ्या सात दिवस. उशीर झाला तर शिरेतून पेनिसिलीन किंवा सेफ्ट्रियाक्झोन, अतिदक्षता विभाग, डायलिसिस.

रक्ताच्या तपासणीवर विसंबून राहू नये, हेही सांगायला हवे. लेप्टोची नेहमीची तपासणी पहिल्या पाच-सात दिवसांत बहुधा निगेटिव्हच येते. शिवाय या तापात प्लेटलेट कमी होतात, त्यामुळे रिपोर्ट हातात येताच नातेवाईक ‘डेंग्यू, डेंग्यू’ म्हणत पपईच्या पानांचा रस काढायला धावतात. डेंग्यूही पुरानंतर येतो, पण जरा सवडीने, डबक्यांत आणि टायरांत डास वाढायला आठ-दहा दिवस लागतात. दोन्ही तापांत एक पथ्य सारखे. ब्रुफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरीन या जातीच्या गोळ्या-इंजेक्शने घेऊ नयेत, पॅरासिटॅमॉलच घ्यावे. डायक्लोफिनॅकने मूत्रपिंडावर ताण येतो. शेठच्या मूत्रपिंडांवर लेप्टोचा हल्ला चालू असताना मी वरून तेच दिले होते. त्याने किती बिघडले हे कुणी सांगू शकत नाही. बरे केले नाही एवढे नक्की.

शेठना त्याच दिवशी पुण्याला हलवले. चार वेळा डायलिसिस झाले, अकरा दिवस अतिदक्षता विभागात काढले. वाचले. खर्चात पुरातल्या नुकसानीइतकीच रक्कम गेली. घरी आल्यावर मी भेटायला गेलो आणि जे झाले ते त्यांना आणि वहिनींना सांगितले, इंजेक्शनसकट. शेठ गप्प राहिले. वहिनी म्हणाल्या, ‘तुम्ही विचारलं नाहीत, पण आम्ही तरी कुठे सांगितलं? आम्हाला वाटलं, तापाचा आणि पुराचा काय संबंध.’ चहा दिला. नंतर वर्षभर शेठ दुसऱ्या डॉक्टरांकडे जात असत, आणि त्यात काही वावगे नव्हते.

दसऱ्याच्याच दुपारी, शेठना गाडीत बसवून दिल्यावर, मी त्यांच्या हमालाच्या घरी माणूस पाठवला. तो म्हणाला, मामा कालपासून अंग टाकून पडलेत. बोलावून घेतले. ताप, डोळे लाल, पोटऱ्या दुखऱ्या. ‘डाक्टरसाहेब, पोती उचलून अंग धरलंय, दुसरं काय नाय,’ ते म्हणाले. त्याच संध्याकाळी डॉक्सीसायक्लीन सुरू केले, रोज लघवी आणि डोळे पाहायला बोलावले. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. औषधाचा खर्च शंभर रुपयांच्या आत. दोघे एकाच चिखलात, एकाच दिवशी उतरले होते.

तेव्हापासून माझ्या टेबलावर काचेखाली एक चिठ्ठी आहे. तापाच्या प्रत्येक रुग्णाला जूनपासून दिवाळीपर्यंत मी विचारतो: गेल्या महिन्याभरात पाण्यात, चिखलात, गोठ्यात, गटारात उतरला होता का? माझी वाचकांना विनंती आहे की डॉक्टरने विचारले नाही तरी आपणहून सांगावे. डॉक्टर घाईत असतो, त्याच्यापुढे रांग असते. ‘पुराच्या पाण्यात होतो’ हे तीन शब्द तक्रारीच्या सुरुवातीलाच सांगावेत.

चिखल काढणे कुणाला चुकत नाही. तो काढताना गमबूट घालावेत, नसतील तर पायांना जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून वर बूट घालावेत. जखमेवर पाणी न लागणारी पट्टी लावावी. काम संपल्यावर साबणाने अंघोळ, बोटांच्या बेचक्या कोरड्या, भेगांना व्हॅसलीन किंवा कोकमतेल. जमीन आधी साबणाच्या आणि मग ब्लीचिंगच्या पाण्याने धुवावी. भिजलेले धान्य वाळवून खाऊ नये, विकू तर मुळीच नये.

पाण्यात राहून झालेल्यांनी आधीच गोळी घ्यावी का, असे पुष्कळ जण विचारतात. मुंबई महापालिका दर पावसाळ्यात सांगते की साचलेल्या पाण्यातून चालून आलेल्यांनी ७२ तासांच्या आत डॉक्टरांचा सल्ला घेऊन प्रतिबंधक औषध सुरू करावे. मोठ्या माणसाला डॉक्सीसायक्लीनचे २०० मिलिग्रॅम देतात, आणि रोजच पाण्यात काम असेल तर आठवड्यातून एकदा असे काही आठवडे. गरोदर स्त्रियांना आणि आठ वर्षांखालील मुलांना हे औषध देत नाहीत, त्यांच्यासाठी दुसरी औषधे आहेत. म्हणून मेडिकलमधून परस्पर पाकीट आणून घरभर वाटू नये. गोळी जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी आणि लगेच आडवे पडू नये, अन्ननलिकेत अडकून जळजळ होते.

राहिली कावीळ. पुराचे पाणी पोटात गेलेल्यांपैकी काहींना ती दोन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत केव्हाही होऊ शकते. त्या वर्षी लक्ष्मीपूजन २७ ऑक्टोबरला होते, म्हणजे पूर येऊन महिना झालेला, आणि माझ्याकडे त्या आठवड्यात काविळीचे नऊ रुग्ण आले. फराळ नको, वास नको, लघवी पिवळी. दूषित पाण्यातून होणारी ही कावीळ बहुतेकांची विश्रांतीने आणि हलक्या आहाराने आपोआप बरी होते. माळ घालून, नाकात रस पिळून, मनगटावर डाग देऊन ती बरी होत नाही. उतरायची वेळ झालेली असते आणि श्रेय माळेला मिळते. यात एक अपवाद मात्र जिवाचा आहे. ‘ई’ प्रकारची कावीळ गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, फार वेगाने बिघडवते. त्या नऊ जणांत एक सात महिन्यांची गरोदर मुलगी होती, दिवाळीला माहेरी आलेली. गळ्यात माळ घातलेली होती आणि आजीचा आग्रह, भाऊबीज होऊ द्या, मग दवाखाना पाहू. मी आजीशी वाद घातला नाही. माळ राहू द्या म्हटले, पण गाडी आत्ताच्या आत्ता काढा. भाऊबीज तिची ससूनमध्ये झाली, भाऊ ताट घेऊन तिकडे गेला.